मैदानाच्या बाजूने दिलेला शब्द

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, टेकडीवरच्या कॅथलिक मुलींच्या माध्यमिक शाळेची निवृत्त क्रीडाशिक्षिका, या कागदाने लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे सोडले तर बाकी शरीरही फारशी कुरकुर करत नाही. हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही, कोणी दटावलेले नाही. शाळेत मुली मला समोर 'टीचर' म्हणत आणि पाठीमागे 'शिट्टीबाई'. दोन्ही नावांना मी ओ देत असे.

कलम १. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते या कागदाने रद्द करते. त्यात मी घर, शिल्लक, सगळे काही शाळेला लिहून दिले होते, नवे मैदान घेण्यासाठी. ते का केले आणि का मोडते आहे, हे सांगितल्याशिवाय पुढची कलमे कळायची नाहीत. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात कारणं लिहायची गरज नसते."

मी म्हटले, "तुम्हाला नसेल."

त्यांनी चष्मा पुसला आणि लिहू दिले.

कलम २. हॉकीच्या माझ्या सर्व स्टिक्स, गोलकीपरचे पॅड, आणि स्टिक दुरुस्तीचे सामान, म्हणजे कानस, सरस, दोऱ्याची रिळे आणि मुठीला गुंडाळायच्या पट्ट्या, हे सगळे सरकारी शाळेच्या मुलींच्या संघाला द्यावे. होय, सरकारी शाळेच्याच. माझी सगळी नोकरी ज्या संघाला हरवण्यात गेली, त्याच संघाला. आमच्या शाळेत आता ते ठेवायला संघ नाही.

आमच्या शाळेत हॉकी कशी होती ते लिहिते. पहिल्या सिस्टर्सनी मुलींना लांब झग्यांत खेळायला उतरवले, असे आम्ही ऐकत आलो. मॅचच्या दिवशी अकरा जणी आधी चॅपलमध्ये जात. स्टिक्स बाहेर, दारापाशी भिंतीला टेकवून ठेवायच्या. प्रार्थनेत जिंकण्याचे नाव काढायचे नाही, हा नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी संघानेच मैदान झाडायचे. हरलो तरी झाडायचे, जिंकलो तरी झाडायचे. कॅप्टनांची नावे खालच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर सोनेरी रंगात लिहिलेली असत. मी स्वतः त्या फळ्यावर आहे. माझी भाचीही आहे.

आणि हे नुसते आंतरशालेय स्पर्धेच्या शील्डसाठी नव्हते. आमच्या मुली ड्रायव्हरांच्या, आयाबायांच्या, शिंप्यांच्या. खेळाडूंच्या राखीव जागेवर कोणी पोलिसांत लागली, कोणी बँकेत, कोणी रेल्वेत. एकेका मुलीच्या नोकरीवर एकेक घर वर आले. ज्या मैदानावर हे झाले ते मैदान मी विकायला लावले.

कलम ३. माजी विद्यार्थिनी मंडळाच्या अध्यक्षबाईंना माझ्या कपाटातला संघाचा फोटो द्यावा. मैदान गेल्यावर त्यांनी व्हरांड्यातला माझा कोच म्हणून लावलेला फोटो उतरवला. रागाच्या भरात नव्हे, स्टूल आणि शिपाई बोलावून, व्यवस्थित. त्याबद्दल माझी तक्रार नाही, असे लिहिणार होते; पण तक्रार आहे. कपाटातल्या फोटोत मी उभी आहे आणि माझ्या पायाशी, एक मोजा घोट्यापर्यंत घसरलेली, नाक पुसणारी अध्यक्षबाई बसली आहे. आता हा उतरवायचा की लावायचा ते त्यांनी ठरवावे.

त्यांच्या मंडळाने शील्डच्या समारंभाला मांडव घातले, जेवणे दिली. छतासाठी मदत मागितली तेव्हा मात्र, "बघू, पुढच्या बैठकीत घेऊ." हेही येथे नोंदवून ठेवते.

कलम ४. छताविषयी. शाळेच्या वरच्या मजल्याचा स्लॅब आतून सडला होता. लोखंडाला गंज चढून सिमेंटचे पोपडे पडत. इंजिनिअरने लिहून दिले की तिथे वर्ग भरवू नका. पण खाली जागाच नव्हती, म्हणून नववीचे वर्ग तिथेच भरत राहिले. मुख्याध्यापिका सिस्टर कर्जासाठी दारोदार फिरल्या. शेवटी एकच माणूस पुढे आला, त्याला इमारती बांधायच्या होत्या आणि त्याला मैदान हवे होते. शाळेच्या व्यवस्थापन कमिटीत आम्ही सात जण. तिघे विकण्याच्या बाजूने, तिघे विरोधात. सातवी मी.

माझी भाची तेव्हा शाळेची क्रीडाशिक्षिका होती. माझ्यानंतर तीच आली. माझी बहीण गेली तेव्हा ही पोर इतकी लहान होती की बुटांचे बंद बांधता येत नव्हते. तेव्हापासून ती माझ्याजवळ वाढली. मी मैदानावर तर ही मैदानावर, मी स्टाफरूममध्ये तर ही टेबलाखाली. मुलींनी नाव पाडले, 'शेपटी'. मोठी होऊन माझ्याहून चांगली कोच झाली. मी ओरडून शिकवत असे, ती न ओरडता शिकवते.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली.

"मावशी, तू आहेस ना?"

"आहे गं."

"तसं नको. नीट सांग. तू मैदानाच्या बाजूने हात वर करणार ना?"

"करणार. शब्द देते, बस?"

तिने मला मिठी मारली. ती तशी मिठ्या मारणाऱ्यांतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बैठकीच्या जरा आधी पोहोचले आणि, का कोण जाणे, वर चढले. निवृत्तीनंतर वरच्या मजल्यावर गेलेच नव्हते. नववीचा वर्ग चालू होता. मुलींनी बाक भिंतीला सरकवून पोपडे पडत ती मधली जागा मोकळी ठेवली होती. कोणी सांगितले नव्हते, त्यांचे त्यांनीच केले होते. तेवढ्यात गणिताच्या बाईंनी एका मुलीला फळ्याकडे बोलावले. तिने चित्रकलेचा बोर्ड उचलला, डोक्यावर धरला आणि मधून चालत फळ्यापर्यंत गेली. वर्गात कोणी हसले नाही, कोणी पाहिलेही नाही.

मी दारातून विचारले, "अगं, हे काय?"

ती म्हणाली, "काही नाही, टीचर. सवय झालीय."

मी खाली आले. सिस्टरांनी मत मागितले तेव्हा विकण्याच्या बाजूने माझा हात वर गेला. वर गेला असे म्हणते, पण हात आपोआप वर जात नाही. मी केला.

बाहेर व्हरांड्यात भाची उभी होती. तिच्यामागे सरावाच्या कपड्यांत सगळा संघ.

"झालं?" तिने विचारले.

"झालं. मी हात वर केला."

ती हसली. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिचे हसू उतरले. "कोणत्या बाजूने?"

 मुलींच्या समोरून मी गेटपर्यंत गेले. त्या दिवसापासून बराच काळ ती माझ्याशी बोलली नाही.

कलम ५. माझी सायकल गल्लीतल्या बेकरीवाल्यांना द्यावी. गिअर निकामी झाला आहे, ब्रेक उत्तम आहे. जेव्हा गावात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हते, तेव्हाही त्यांनी रोज सकाळी "बाई, पाव काढू का?" असे त्याच आवाजात विचारले. त्यांना या प्रकरणात काही मत नव्हते. त्याचे मला फार बरे वाटे.

कलम ६. सरकारी शाळेच्या तेव्हाच्या कोच, ज्यांना आमच्या मुली 'वाघीण' म्हणत, त्यांना मी काहीही देत नाही. त्या या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलसाहेबांचे म्हणणे. नाहीतर माझी आरामखुर्ची त्यांच्यासाठीच होती. ती आता कॉन्व्हेंटच्या भेटीच्या खोलीत ठेवावी, वाघीण तिथे जाऊन बसू शकतात.

त्यांच्याबद्दल थोडे. मैदान गेल्यावर भाचीने संघ गावाच्या दुसऱ्या टोकाला नेला, नगरपालिकेच्या मैदानावर. तिथे क्रिकेटवाले, धावणारे, गाड्या शिकणारे, सगळेच. अंधार पडल्यावर मुलींना परत आणायला गाडी नाही. आयांनी एकेक करून मुली काढून घेतल्या. त्यांना कोण दोष देईल? पुढच्या मोसमात अकरा जणी जमल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सामन्यांच्या पत्रकावर आमच्या शाळेचे नाव नव्हते. भाचीने राजीनामा दिला आणि लांबच्या एका शाळेत नोकरी धरली.

त्या वर्षी शील्ड वाघिणींच्या संघाला गेले. दुसऱ्याच दिवशी त्या माझ्या दारात हजर, शील्ड कापडी पिशवीत घालून.

"हे घे," म्हणाल्या.

"मला कशाला?"

"मला नको. हे मी जिंकलेलं नाही, मला मिळालंय. तुझ्या पोरी समोर नव्हत्या. कुणाला हरवलं मी?" मग खुर्चीत बसून त्या मला पुष्कळ बोलल्या. वर चहाही करायला लावला. जाताना शील्ड परत घेऊन गेल्या, कारण त्यांच्या मुलींना त्याच्यासोबत फोटो काढायचा होता. त्या दिवसापासून त्या दर आठवड्याला येतात. आमचे वय झाले आहे, आता आम्हाला भांडायला दुसरे कोणी उरलेले नाही.

कलम ७. माझ्या अंत्ययात्रेविषयी. चर्चमध्ये साधी प्रार्थना व्हावी. जुन्या खेळाडू शवपेटीवर स्टिक्सची कमान धरतात, ती माझ्यासाठी धरू नये. कोणाला धरायची इच्छा होईल की नाही, हा प्रश्नच मला उभा करायचा नाही.

कलम ८. बँकेतली शिल्लक, जी काही उरेल ती, वरच्या मजल्याच्या देखभालीसाठी शाळेला द्यावी. छत नवे आहे, पण नवेही जुने होते.

जुना स्लॅब फोडला तेव्हा मी पाहायला गेले होते. फोडणाऱ्या मिस्त्रीला विचारले, "पडला असता का हो?" तो म्हणाला, "बाई, देवाची कृपा म्हणा, इतके दिवस थांबला." मला सुटल्यासारखे झाले. मग त्याचा भाऊ, तोही मिस्त्रीच, तोंडातले थुंकून म्हणाला, "छे हो. आणखी वीस वर्षं हलला नसता." दोघे तिथेच वाद घालू लागले. मी घरी आले. जे छत पडलेच नाही ते पडले असते की नाही, हे कोण सांगणार? गेलेले मैदान मात्र रोज दिसते. तिथे आता सहा मजले उभे आहेत आणि गॅलऱ्यांत कपडे वाळत असतात.

मी फादरांकडे कन्फेशनला गेले. सगळे सांगितले. फादर तरुण आहेत, ऐकून घेतात.

म्हणाले, "बाई, तुम्ही मुलींचा जीव आधी पाहिलात. हे पाप नाही."

"मग मला टोचतं का?"

"ते ठाऊक नाही. पण पाप नसेल तर मी क्षमा कशाची देऊ?"

 क्षमा झाली की माणूस उठून कामाला लागतो. माझ्यापाशी ना पाप होते ना क्षमा, नुसती टोचणी. तेव्हाच मी ते पहिले मृत्युपत्र केले. सगळे देऊन टाकावे आणि मोकळे व्हावे, असा हिशेब.

कलम ९. त्या मृत्युपत्राची माहिती भाचीला द्यावी असे वकीलसाहेब म्हणाले, कारण घरात ती वाढलेली. मी बसने तिच्या गावी गेले. ती शाळेच्या मागच्या अंगणात मुलींना रांगेत उभे करून पळवत होती. मला पाहून मुलींना पाणी प्यायला पाठवले. मी बाकावर बसले, ती उभीच राहिली.

मी म्हटले, "घर शाळेला देतेय. त्यातून मैदान होईल. म्हणजे तुझ्या मनातलं—"

"मावशी, त्या घराच्या पैशात गोलपोस्टपुरती तरी जागा येईल का?"

"जे येईल ते. मी मैदान घालवलं, मीच—"

"मला मैदानाचा राग आहे असं वाटतं तुला?" ती म्हणाली. "नववीच्या वर्गात मी रोज जात होते. ते डोक्यावर बोर्ड धरणं मी तुझ्या आधी पाहिलंय. मलाही मैदान राखायचं की मुली, कळत नव्हतं. म्हणून तर तुझ्याकडे आले त्या संध्याकाळी."

"मग?"

"तू शब्द दिलास. मी सकाळी मुलींना सांगितलं, काळजी करू नका, आपलं मैदान जात नाही, मी सांगते ना. आणि तू बाहेर येऊन निघून गेलीस. मुलींसमोर खोटी कोण पडली? मी. तू मत बदललंस ते बदललंस. व्हरांड्यात उभं राहून एवढंच म्हणायचं होतंस, की मी हिला शब्द दिला होता आणि मी तो मोडला. तेवढं नाही झालं तुझ्याच्यानं."

मी म्हटले, "तू सांगायचंस त्यांना. मावशीनं शब्द फिरवला म्हणून."

तिने शिट्टी वाजवून मुलींना परत बोलावले.

परतीच्या बसमध्ये मला नीट कळले. इतके दिवस मी मैदानाची अपराधी म्हणून फिरत होते. त्यात एक मोठेपणही होते, असे आता लिहायला हरकत नाही; केवढा कठीण निर्णय घेतला मी एकटीने! आणि जे खरे केले होते ते लहानसे आणि नागडे होते. मी पोरीला तोंडघशी पाडले आणि गेटकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फादरांकडे गेले. म्हटले, "फादर, या खेपेला पाप आणलंय."

त्यांनी ऐकले. या वेळी क्षमा दिली. आणि प्रायश्चित्त म्हणून जपमाळ वगैरे काही सांगितले नाही. म्हणाले, "त्या मुलींना सांगा."

कलम १०. त्या वेळच्या संघातल्या मुली आता मोठ्या झाल्या आहेत. त्यांना गोळा करायचे काम वाघिणींनी केले. काही जणी त्यांच्याकडेच खेळायला गेल्या होत्या. नगरपालिकेच्या मैदानाच्या कडेला, क्रिकेटवाल्यांच्या आरडाओरड्यात, सगळ्या माझ्यासमोर बसल्या. मी आयुष्यभर मुलींसमोर बोलले, पण त्या दिवशी शिट्टी घरी ठेवून गेले होते.

मी सांगितले, "तुमच्या टीचर तुमच्याशी खोटं बोलल्या नव्हत्या. मी त्यांना शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी मी तो मोडला, आणि त्यांना न सांगता, तुम्हालाही न सांगता निघून गेले. मत मी पुन्हा तेच देईन. पण खोटी मी होते, त्या नव्हेत."

 मग त्या वर्षीची कॅप्टन, आता नर्सिंग शिकते, ती रडायलाच लागली.

"टीचर, आम्ही त्यांना काय काय बोललो होतो. सगळ्यांच्या जर्सी नेऊन त्यांच्या टेबलावर टाकल्या. मी म्हटलं, तुम्हाला आधीपासून माहीत होतं, तुम्ही आम्हाला फसवलंत."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. जर्सींच्या घड्या घालत बसल्या. तुमचं तर नावसुद्धा घेतलं नाही."

 मला वाटत होते की निदान गाव सोडताना तरी भाचीने सांगितले असेल. कोणीही सांगितले असते. माझ्यावर चिडलेली, माझ्याशी अबोला धरलेली ती पोर मुलींचा संशय स्वतःवर घेऊन बसली, संघ गेला, नोकरी सोडली, तरी तिने मला मुलींसमोर उघडे पाडले नाही. मी ज्यासाठी तिला टाकून गेटबाहेर पळाले, ते माझे नाव तिने राखले.

वाघिणींनी आपला रुमाल मला दिला. धुतलेला नव्हता, पण घेतला.

कलम ११. हे कलम लिहायचे राहिले होते. घराचे काय करावे ते मला कळत नव्हते आणि वकीलसाहेब रोज विचारत होते. काल दुपारी भाचीचा फोन आला. किती तरी दिवसांनी तिने स्वतः केलेला.

"मुली येऊन गेल्या," ती म्हणाली.

"बरं."

"बसमधून आल्या, सगळ्या. माझ्या एवढ्याशा खोलीत मावेनात."

"खायला काही दिलंस का?"

"मावशी, ऐक. तू जे काही लिहितेयस त्या कागदावर, ते बजावणारी म्हणून माझं नाव घाल. दुसऱ्या कुणाला तुझी कपाटं उघडू देणार नाही मी."

"घालते. आणि घर?"

 

"भरपाई म्हणून देत असशील तर नको," ती म्हणाली. "मी अजून पूर्ण निवळलेली नाही. उगाच निवळले असं दाखवणारही नाही. वेळ लागेल."

"लागू दे. पण मग घर कशापोटी घेशील?"

"तू माझी मावशी आहेस म्हणून. दुसरं काही लिहू नकोस त्यात."

त्यानुसार, बेकरीच्या गल्लीतले माझे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचे अंगण यांसह, मी माझ्या भाचीस देते. मी तिची मावशी आहे म्हणून. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वकीलसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, आणि दोन ठिकाणी ते थांबले तरी त्यात मी काही बदल केला नाही. खाली दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते, त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत कराव्यात.

ठिकाण : माझे राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर, सोमवार

सही : शाळेची निवृत्त क्रीडाशिक्षिका

साक्षीदार १ : सरकारी शाळेच्या निवृत्त कोच. (मजकूर वाचला. रुमाल धुतलेला होता.)

साक्षीदार २ : वकीलसाहेबांचे कारकून. (मजकूर वाचलेला नाही. बाईंनी सही माझ्यासमोर केली, हात कापत नव्हता.)